परतीच्या पाइपातलं गाळणं

रविवार, ५ जानेवारी २०२५

नाहीच वळली!

चिकूच्या वाडीच्या फाटकापाशी अर्धा तास झगडले. आधी बसून, मग सीटवरून अर्धी उठून, अंगाचा सगळा भार टाकून. पिकअप सरळ जाते, पण वळवायची म्हटलं की स्टिअरिंग दगडात पुरल्यासारखं घट्ट. आणि बॉनेटखालून तो आवाज — कुणीतरी कण्हत असल्यासारखा. शेवटी अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच सोडून घरी आले.

शैलेशचा वापीहून फोन. "ताई, दोन वर्षं उभी आहे ती. मधे नवा पंप घातला, तोही आठ दिवसांत गेला. आता अजून काय बघायचंय तुला?" फेब्रुवारीअखेर गाडी भंगारात द्यायची, असं त्याने ठरवलंय. माणूसही बघून ठेवलाय.

"तोपर्यंत मला बघू दे."

"बघ. पण अण्णा नाहीत आता. चालवणार कोण ती?"

 जो चालवायचा त्या तुक्यादादाचं नाव त्याने घेतलं नाही. मीही नाही.

सोमवार, ६ जानेवारी

सातवीचे चाचणीचे पेपर तपासले. एका उत्तरपत्रिकेच्या समासात माझ्याच पेन्सिलीने काढलेलं स्टिअरिंगचं चाक! कधी काढलं, आठवत नाही. खोडून टाकलं.

बुधवार, ८ जानेवारी

अर्धी रजा टाकली. क्रेनने पिकअपची पुढची चाकं उचलली आणि तिला तलासरीला नेलं. मी क्रेनवाल्याच्या शेजारी. सारखी मागे वळून बघत होते. त्याने विचारलं, "म्हातारं माणूस आहे का गाडीत कोणी?" मी नाही म्हटलं, पण मग वाटलं, आहे की.

प्रविणभाईचं गॅरेज हायवेला लागूनच. आमच्या शाळेच्या बसचं काम तो करतो, म्हणून माहीत. पन्नाशीचा, कानावर खडू. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरतो आणि परत येतो, त्याला पत्ताही नसतो.

त्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "बेन, हे तेल नाय. काजळ छे!"

मग टाकी सोडवून उपडी केली. तळाला जाळी असते म्हणे. जाळी दिसतच नव्हती. काळा, मऊ थर, जुन्या उशीतल्या कापसासारखा दबून बसलेला. त्याने तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि कचऱ्याच्या पिंपात झटकला. मी नीट बघितलाही नाही.

"पहिला पंप याच्यामुळे गेला. त्याला तेलच मिळालं नाय. सरळ रस्त्यावर कळत नाय, बेन. वळणावर चाक एकदम जड. मग ज्याने दुसरा घातला त्याने नुसता पंप बदलला, आतली घाण तशीच. ती गेली नव्या पंपात. मी तिसरा घालीन, तो पण जाईल."

"मग काय करायचं?"

"सगळं धुवायचं. आणि फिल्टर घालायचा. या गाडीला मुळात नाय, मी बसवतो."

कानावरचा खडू काढून त्याने जमिनीवर चित्र काढलं. टाकी, पंप, स्टिअरिंगचा डबा, आणि पुन्हा टाकी. "तेल गोल फिरतं. जाताना जोरात, येताना सावकाश. जाण्याच्या पाइपात फिल्टर घातला तर दाबाने फुटेल. येण्याच्या पाइपात घालायचा. परत येताना जे काय बरोबर आणेल, ते तिथे थांबेल."

एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीकडे गेला. जाताना चित्रावर पाय पडला, टाकी पुसली गेली. मी तिथेच उभी.

परत येताना जे काय बरोबर आणेल.

शनिवार, ११ जानेवारी

झाली!

पंप बदलायला आणि सगळं धुवायला दोन दिवस लागले. फिल्टरला वीस मिनिटं. माझ्या मुठीत मावेल एवढासा. पोटावर एक बाण. "बाण टाकीकडे. उलटा लावला तर नुसता लटकेल." परतीचा रबरी पाइप त्याने ब्लेडने एका झटक्यात कापला, दोन्ही टोकं फिल्टरवर चढवली, दोन क्लिपा आवळल्या. पाइपाचा पाझरणारा तुकडाही नवा घातला.

मग मला म्हणाला, "बसा. चाक फिरवा. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. इंजिन बंदच राहू दे." पुढची चाकं जॅकवर होती. तो टाकीत डोकावून बुडबुडे बघत होता. हवा निघायला हवी म्हणे. डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे. माझे दंड भरून आले. अण्णांचा हात या चाकावर जिथे असायचा तिथला काळा रंग उडून तपकिरी झालाय. मी नेमका तिथेच हात धरला होता.

मग इंजिन चालू केलं. कण्हणं सुरू झालं, हळू झालं, थांबलं. आणि चाक — एका बोटाने! मी ओरडलेच.

प्रविणभाई हसला. "थांबा, बेन. अजून तीनशे किलोमीटर बाकी." तेवढी चालवून परत आणायची. तो फिल्टर कापून आत काय सापडलं ते दाखवतो — प्रत्येक गिऱ्हाइकाला. "दवाखान्यात रिपोर्ट देतात ना? तसा."

घरी, सरावलीपर्यंत, मी चालवत आले. काच खाली करून.

रविवार, १२ जानेवारी

एका बोटाने.

चैत्र, २०१३. पिकअप घेऊन चार दिवस झाले होते. त्याआधी अण्णांची जुनी जीप. तिचं चाक वळवताना त्यांच्या दंडाच्या शिरा फुगायच्या. नव्या गाडीतून आईला महालक्ष्मीच्या जत्रेला नेलं. पुढे आम्ही तिघं. चाकामागे अण्णा, खिडकीशी आई, आणि मधे मी — तेहेतिसाव्या वर्षी, गुडघे पोटाशी घेऊन! मागे हौद्यात तुक्यादादा, ओटीचं सामान सांभाळत. वळण आलं की अण्णा एक बोट वर करून आम्हाला दाखवायचे आणि त्याच बोटाने चाक फिरवायचे. तीन वळणं आईने सहन केलं. चौथ्याला म्हणाली, "दोन्ही हात लावा हो. देवीच्या जत्रेला चाललोय, थेट देवाघरी नाही."

मागच्या खिडकीतून तुक्यादादाने ते ऐकलं. पत्र्यावर थापा मारमारून हसला.

आमच्या घरात सगळं गाळलं जायचं. पाणी, दूध, मध, दिव्याचं रॉकेल, जीपचं डिझेल. सुटं आणलेलं काहीही अण्णा गाळल्याशिवाय ओतत नसत. आई आपल्या जुन्या जांभळ्या सुती पातळाचे चौकोन फाडायची आणि मशीनवर बसून त्यांच्या चारी कडा दुमडून शिवायची. "कडेला शिवण नसली की गाळणंच कचरा सोडतं," म्हणायची. पाण्याचं फडकं वेगळं, दुधाचं वेगळं, गाडीचं वेगळं. गाडीचं वाडीतल्या शेडमध्ये खिळ्याला.

पिकअपचा स्टिअरिंगचा पाइप पुढे पुढे पाझरायला लागला. म्हणून दर रविवारी अण्णा टाकीत थोडं तेल घालायचे. नरसाळं, नरसाळ्यावर फडकं, वरून डब्यातल्या तेलाची बारीक धार. जेवायला हाक मारली तरी हलायचे नाहीत. "गळू दे गं. घाई कसली?" आई गेल्यावरही त्यांचा तो रविवार चुकला नाही. मला बरं वाटायचं ते बघून. आईचं काहीतरी चालू आहे, असं वाटायचं.

त्यातलं एक फडकं माझ्या कपाटात आहे. आई गेली त्या दिवसांत आणून ठेवलेलं. नाकाशी धरलं तर आईचा वास येत नाही, तेलाचा येतो. तरी ठेवलंय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला वाडीवरच्या सगळ्या बाया येऊन गेल्या. तुक्यादादाची बायको हिरी सायवनहून आली नाही. तिसरं वर्ष.

आज लिहूनच टाकते. आजवर या वहीत लिहायचं टाळलंय.

डिसेंबर २०२२. चिकू उतरवणाऱ्या बायांना सायवनला सोडून अण्णा आणि तुक्यादादा परत येत होते. चालवत तुक्यादादा होता. तीस वर्षं अण्णांच्या जोडीने तोच चालवायचा, आधी जीप, मग पिकअप. सायवन सोडल्यावरच्या वळणावर चाक वळलंच नाही. गाडी मोरीच्या कठड्यावर. अण्णांचं उजवं मनगट मोडलं. तुक्यादादाच्या कपाळाला टाके पडले.

शैलेश दवाखान्यात आला तो ओरडतच. "प्यायला असणार! रोजच्या रस्त्यावर वळण चुकतं का कुणाचं?" मग, "तेलपाणी बघायचं काम कुणाचं होतं?" तुक्यादादा भिंतीला टेकून उभा, कपाळाला पट्टी. "चाक वळला नाय, दादा." एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच.

आणि मी?

मी ओरडले नाही. मी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या भरवशावर सोडलं होतं अण्णांना." जन्मभर मी त्याला तुक्यादादा, तू म्हणत आले. शाळेत सोडायला जायचा तेव्हापासून. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अण्णांकडे. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुक्यादादा वाडीवर आला नाही. त्याला बोलवा, असं अण्णांनीही कधी म्हटलं नाही. मला वाटलं, रागावलेत त्याच्यावर.

गेल्या मार्चमध्ये अण्णा गेले. मयताला तुक्यादादा आला होता. फाटकाबाहेर उभा राहिला. आत आला नाही. आम्हीही ये म्हटलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

मी लिहायला घेतलेली गोष्ट टेबलावर अर्धीच पडली आहे. लिहायला बसते आणि किल्ली घेऊन बाहेर पडते. आज बोर्डीपर्यंत. उगाचच. सुरूच्या झाडांखाली गाडी उभी करून चहा प्यायला.

इथेच तुक्यादादाने मला गाडी शिकवली होती, ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूवर. अण्णा शिकवताना चिडायचे. तो नाही चिडायचा. मी गाडी बंद पाडली की तो नुसता म्हणायचा, "थांबली ती. दमली असेल." आणि मी हसून पुन्हा चालू करायची.

सोमवार, २० जानेवारी

चिकूच्या सहा क्रेट घेऊन शाळेत गेले, वाटेत द्यायच्या होत्या. संगीता शिक्षकखोलीच्या खिडकीतून ओरडली, "मॅडम, खाकी शर्ट शिवून घ्या आता!" सगळे हसले. मीही.

पण हे किती दिवस? चिकू रोज उतरतात, शाळा रोज असते. रोजचं माणूस हवं. शैलेश म्हणतो, "गाडी ठेवायचीच असेल तर नवा ड्रायव्हर बघू." नवा येईल, चालवेलही. त्याच्याबरोबर रविवारी नरसाळं धरून कोण उभं राहणार?

शनिवार, २५ जानेवारी

तीनशे बारा किलोमीटर झाले. तलासरीला गेले.

प्रविणभाईने फिल्टर सोडवला, नवा बसवला, आणि जुना करवतीने गोल कापला, नारळ फोडावा तसा. आतला कागद थाळीतल्या पेट्रोलमध्ये खंगाळला. थाळीच्या तळाशी बारीक चमचम. "हे लोखंड. जुन्या पंपाचं. हे येणारच, त्याची चिंता नाय. पण हे शुं छे?"

चिमट्याने काहीतरी उचललं. धागा. मग दुसरा, तिसरा. नखाएवढे. काळे होते, पण पेट्रोलमध्ये धुतल्यावर रंग आला.

जांभळा.

"कपडा!" तो म्हणाला. "त्या दिवशी जाळीवर जो थर होता ना, तो हाच. कोणी कपड्यातून गाळून तेल भरत होता काय?"  त्याने एक धागा कागदावर वाळवला, बाजूला नेऊन लायटर लावला. धागा आखडला आणि टोकाला काळा मणी झाला, राईपेक्षा बारीक. तो त्याने नखाने टिचवला. "झालं. गेली बला." मी धड बघतही नव्हते. मला फक्त जांभळा दिसत होता.

आईचं पातळ.

"प्रविणभाई, यात ड्रायव्हरची काही चूक?"

"डायव्हर काय करणार? वळणावर चाक दगड झाला. उलट मोरीवर थांबवली ना गाडी? खाली नाय गेली? मग हात चांगला होता त्याचा."

हात चांगला होता.

उरलेले धागे काडेपेटीत घालून आणले. हायवे सोडल्यावर गाडी कडेला घेतली आणि बसून राहिले. आता सगळं जुळतं. आई गेल्यावर अण्णांनी ते फडकं बदलू दिलं नसणार. विरलं, तरी तेच. दर रविवारी थोडं थोडं आईचं पातळ तेलात उतरत राहिलं आणि जाळीवर जाऊन बसलं. याला चूक म्हणायचं? जुनं फडकं टाकवलं नाही, एवढंच तर. पण त्यापायी तुक्यादादा दोन वर्षं गावात दारुडा ठरला.

अण्णांनी त्याला बोलावलं का नाही?

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर शैलेश ओट्यावर बसलेला. काडेपेटी उघडून त्याच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. त्याने एक धागा बोटावर घेतला, बराच वेळ बघितला.

"म्हणजे अण्णांनी स्वतःच—"

"हो."

"ताई, अण्णा गेले. आता त्यांच्या माथी कशाला मारायचं? तुक्या कुठेतरी लागला असेल कामाला."

"तू त्याला दारुडा म्हणालास. सगळ्यांसमोर."

"मला तसं वाटलं तेव्हा."

"आणि आता?"

त्याने चहाही घेतला नाही. फाटकापर्यंत गेला आणि पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग तिथूनच ओरडला, "भंगारवाल्याला नाही सांगतो मी. आणि सायवनला जाशील तेव्हा... माझं पण सांग." काय सांग, ते बोलला नाही. मला कळलं.

बुधवार, २९ जानेवारी

सायवनला जायचंय. रोज एक कारण सापडतं. आज कारण — निरीक्षक येणार होते. आले नाहीत.

रविवार, २ फेब्रुवारी

गेले.

मोरीपाशी वेग आपोआप कमी झाला. कठड्याचा मोडलेला भाग नव्याने बांधलाय. तेवढंच सिमेंट पांढरं.

पाड्यावर हिरी अंगणात नाचणी वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "रस्ता चुकला काय, बाय?"

"चुकला होता, हिरी. दोन वर्षं."

यावर तिने बघितलं. खाटेवरचं बोचकं उचलून जागा केली. तुक्यादादा झोपडीमागून आला, हातात कोयती. केस पांढरे झालेत. कपाळावर ती रेघ.

मला काय काय बोलायचं होतं! वाटेत पाठ केलं होतं. त्याऐवजी कापलेला फिल्टर त्याच्या हातात दिला. त्याने उलटसुलट केला, बाण बघितला, आतला कागद बोटाने दाबला.

"गाळणा हाय?"

"स्टिअरिंगच्या तेलाचं. पिकअपला लावलं."

"परतीच्या पाइपला ना?"

"हो."

"बेस. तिथंच पाहिजे." आणि हसला! तीस वर्षं त्या गाड्यांखाली झोपलेला माणूस — आधी पाइप विचारला, मग बाकीचं.

मग मी काडेपेटी उघडली. धागे बघून त्याचं हसू गेलं.

"तुक्यादादा, तुझी चूक नव्हती. आम्ही तुला... शैलेश बोलला, आणि मी तुला तुम्ही म्हटलं."

"दादा ओरडला तो नाय लागला," तो म्हणाला. "वरडतोच तो, लहानपणापासून. तुझा लागला, बाय."

 हिरी नाचणीत हात फिरवत होती. मग त्यानेच सांगायला सुरुवात केली.

"अण्णा आलता. प्लास्टर काढल्यावर, एस्टीनं. इथंच बसलता, तू बसलीस तिथं. हात जोडायला गेला, पन मनगट वळंना. मग एकच हात कपाळाला लावला. मी बोललो, अण्णा, असा नको करू. त्याला सगळा ठावा होता. मीच बोललो होतो ना आधी, की या फडक्याचे धागे सुटतात, फेका. नाय फेकला. बोलला, राहू दे."

"मग तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

"अण्णानं शपथ घातली. बोलला, तुक्या, उद्यापासून कामावर ये. पन घरात फडक्याचा नाव नाय काढायचा, कोणाचा होता ते कळला नाय पाहिजे. मी बोललो, नाव नाय काढायचा, तर मग मी प्यायलो होतो असाच समजतील ना सगळे? तसा नाय येणार मी. पन तुझी शपथ पाळीन." कोयतीच्या पात्यावर बोट फिरवत राहिला. "तो रडला. मग आम्ही भात खाल्ला. मग त्याला एस्टीत बसवला."

कोणाचा होता ते कळला नाय पाहिजे. मी काही बोलणार, तेवढ्यात हिरीने मधेच कप पुढे केला. "चाय घे, बाय." मला समजलं. आईच्या फडक्याने घात केला, असं घरात कुणी म्हणू नये. म्हणून अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईवर बोल नको म्हणून त्यांनी तुक्यादादावर येऊ दिला. कसं वागलात, अण्णा! कळतं, आणि तरी राग येतो.

निघताना विचारलं, "येशील परत?"

"आधी गाडी बघू दे."

उभ्याउभ्याच दारातून हात घालून त्याने एका बोटाने चाक फिरवलं. डावीकडे, उजवीकडे. डोळे मिटून, कान देऊन. "बेस झाली. परवा येतो. उद्या कुडाचा काम हाय."

हिरी मागून म्हणाली, "येल तो. पन आता कोणी त्याच्या तोंडाचा वास घेतला ना, तर मी येईन सायवनवरून चालत, भांडायला!"

"ये. पण संक्रांतीलाही येत जा."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सात वाजता फाटकाशी हॉर्न. दोनदा. तुक्यादादा पूर्वी वाजवायचा तसाच!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चार दिवसांत वाडी बदलली. बाया मोठ्याने बोलायला लागल्या. काल शैलेश आला, तुक्यादादाला बाजूला घेऊन गेला. दोघं चिकूच्या झाडाखाली उभे होते. काय बोलले माहीत नाही. शैलेश परत आला तेव्हा नाक लाल. तुक्यादादा म्हणाला, "दादाला सर्दी झालीय."

आज डहाणूला माल पोचवून परत येताना मी पुढे बसले होते. सवयीने मधल्या जागेत! खिडकीची जागा रिकामी. त्याने बघितलं. वळणावर एक बोट वर केलं. मी हसले आणि मग हसता येईना.

मी म्हटलं, "दादा, आईचं एक फडकं आहे. गाडीत काचेपाशी टांगू या? तेवढीच तीही बरोबर."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "नको, बाय. तो तुझ्या कपाटातच राहू दे. अण्णा पन तेच बोलायचा. पोरीनं कपाटात ठेवलाय, तिला राहू दे."

बरं म्हटलं. पुढे फाटक आलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

फडकं माझ्या कपाटात आहे, हे मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं.

सकाळी ते काढून खिडकीत धरलं. चारी कडा आईच्या शिवणीत जशाच्या तशा. एक धागा सुटलेला नाही. मधला एक धागा उसवून काडी लावली. भुरकन जळून राख झाली. मणी नाही; सुतीचा होतच नाही.

हे गाडीचं फडकं. आई गेली त्या आठवड्यात शेडमधल्या खिळ्यावरून मीच काढून आणलं होतं. खिळा मोकळा दिसू नये म्हणून माझी एक जुनी ओढणी फाडून तिथे अडकवली. नायलॉनची, कडा न शिवलेली. रंग तेवढा जुळवला होता. जांभळा. आणि विसरून गेले होते.

म्हणजे अण्णांना पहिल्याच रविवारी कळलं असणार. तरी त्यांनी त्या ओढणीतूनच गाळलं.

अण्णांनी झाकलेलं नाव आईचं नव्हतं. माझं होतं.

फाटकाशी हॉर्न. दोनदा. जाते. आज पुढे बसून मी ते नाव घेणार आहे.